पिठाचा कोंबडा आणि दापुऱ्याचं बारसं



दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात दुपारच्या स्वाध्यायाला यशोधर राजाची कथा निघाली. नव्याने लग्न होऊन आलेल्या एका सुनेने सरळ विचारलं, "काकू, पिठाचाच कोंबडा होता ना? खरा जीव तर गेलाच नाही. मग एवढी शिक्षा कशाची?" आम्ही जुन्या बायकांनी भावहिंसा, द्रव्यहिंसा असं उत्तर दिलं. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे. पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही, आणि घरी येऊन मी विचार करू लागले तसा तो प्रश्न मला आपल्या वऱ्हाडाच्या इतिहासातच घेऊन गेला. म्हणून आज पाककृती नाही, इतिहास.

ज्यांनी कथा ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उज्जैनच्या यशोधर राजाला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला जिवांचा बळी दे, अरिष्ट टळेल. तो तयार होत नाही, आई हट्ट सोडत नाही. शेवटी मायलेकांत तडजोड होते, की पिठाचा कोंबडा करायचा आणि तो देवीपुढे कापायचा. तसा कापतात, प्रसाद म्हणून खातातही. पुढे राणी अमृतमती दोघांना विष घालते आणि ती दोघं जन्मोजन्म जनावरांच्या योनीत फिरतात. मोर आणि कुत्रा होतात, मासा होतात, बोकड, रेडा, शेवटी कोंबडे. एका जन्मात तर यशोधराचाच मुलगा बापाच्या श्राद्धासाठी बोकड मारतो आणि तो बोकड म्हणजे बापच असतो. ही सगळी हकिकत अभयरुची आणि अभयमती ही दोन कोवळी भावंडं मारिदत्त राजाला सांगतात. तीही कुठे, तर चंडमारी देवीच्या देवळात, जिथे त्यांनाच बळी द्यायला आणलेलं असतं. ऐकता ऐकता राजाचं मन पालटतं आणि बळी थांबतो.

दहाव्या शतकात मान्यखेटला राहणाऱ्या पुष्पदंत कवीने ही कथा अपभ्रंश भाषेत लिहिली. तिचं नाव 'जसहरचरिउ'. तो ग्रंथ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केला आणि १९३१ साली छापून आला तो आपल्या कारंजा (लाड)च्या जैन ग्रंथमालेत. कारंजाच्या मंदिरांतल्या भांडारात आपल्या पूर्वजांनी जुन्या पोथ्या फडक्यात बांधून, वाळवीपासून सांभाळून ठेवल्या म्हणून असली कामं होऊ शकली. त्याच काळात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढच्या विदर्भ महाविद्यालयात, डॉ. हिरालाल जैन संस्कृत शिकवत होते. त्यांनीही या मालेत ग्रंथ संपादित केले, आणि १९३९ पासून धवला टीकेसह षट्खंडागम अमरावतीहूनच निघू लागला. हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. (सांगायला हवं. वेगळा लेख लिहीन.)

मला या कथेत भावतं ते असं, की ती बोकड मारू नका एवढंच सांगून थांबत नाही. ऐकणाऱ्याला ती बोकडाच्या कातड्यात घालते. दोर कसा गळ्याला लागतो, ओळखीची माणसं सुरी घेऊन येतात तेव्हा काय वाटतं, हे राजाच्या तोंडून, म्हणजे पूर्वी बोलता येत होतं अशा जिवाच्या तोंडून आपण ऐकतो. आपल्या घरात भाजी 'कापत' नाहीत, चिरतात. प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं नातवंडांना देताना आजही माझा हात अडखळतो. शेजारणी हसतात. पण या सवयींच्या मुळाशी तो पिठाचा कोंबडा आहे.

आता याच मातीतली दुसरी गोष्ट. कारंजा पूर्वी मूर्तिजापूर तालुक्यात होतं. त्याच मूर्तिजापूर तालुक्यात दापुरा नावाचं गाव आहे. तिथे मामाच्या घरी वाढलेला देबूजी झिंगराजी जाणोरकर नावाचा मुलगा पुढे सगळ्या महाराष्ट्राचा गाडगेबाबा झाला. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजात. वडील दारूपायी गेले तेव्हा देबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. शाळा नाही, अक्षरओळख नाही. मामाची गुरं राखायची, मोठं झाल्यावर नांगर धरायचा. ज्याने गुरं राखली त्याला जनावर काय बोलतं ते कळतं, असं माझे वडील म्हणायचे. ते बाबांबद्दल बोलत नव्हते, आमच्या सालदाराबद्दल बोलत होते, पण मला ते इथे आठवलं.

त्या काळातली रीत समजून घ्या. घरात पोर जन्मलं, लग्न ठरलं, कोणी मेलं, पटकी आली, की मरीमायला, आसरांना, म्हसोबाला, खंडोबाला बोकड. नवसाची कंदुरी म्हणजे अख्ख्या भाऊबंदकीला मटण आणि त्याबरोबर दारू. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने कर्ज काढून करायची. न केली तर जातपंचायत विचारायला बसलेलीच. देबूजीच्या स्वतःच्या घरात बापाचं आयुष्य या दारूत आणि बोकडात बुडालेलं. मामाच्या जमिनीवर सावकाराचा डोळा होता, तोही छळ त्याने तरुणपणी पाहिला.

देबूजीला पहिली मुलगी झाली आणि बारशाचं जेवण घालायची वेळ आली. भाऊबंद जमले. पानात बोकड नाही, दारू नाही, साधं शाकाहारी गोडाचं जेवण. लोक नाराज झाले. होणारच! लग्नात पंगतीला गोड कमी पडलं तर आपल्याकडे वीस वर्षं बोललं जातं, इथे तर जातीची रीतच मोडली होती. मला या बारशाचं महत्त्व फार वाटतं. आपल्या घरी बोकड कापला जात नाही यात आपलं, तुमचं-माझं, कर्तृत्व काय? आपण त्या घरात जन्मलो. देबूजीने ते आपल्याच ताटातून, आपल्याच माणसांसमोर काढलं. बाहेरून येऊन कोणी सांगितलं असतं तर गावाने त्याला वेशीवरूनच परत पाठवलं असतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. दापुऱ्यापासून जवळच पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. तिथे पौषातल्या रविवारी जत्रा भरते. आपल्यापैकी भातकुलीला दर्शनाला जाणाऱ्यांना तो भाग माहीत आहे, सगळा खारपाणपट्टा, पावसात पाय काढता येत नाही असा गाळ. १९०८ मध्ये बाबांनी तिथे नदीवर घाट बांधवला. पुढे पन्नास वर्षं हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि गावोगाव कीर्तन. दिवसा गाव झाडायचं, रात्री लोकांची मनं.

कीर्तनात ते उपदेश कमी करायचे, प्रश्न जास्त विचारायचे. साध्या वऱ्हाडी बोलीत विचारायचं आणि समोरच्या हजारो लोकांकडून उत्तर वदवून घ्यायचं. देवाच्या नावाने मुक्या जनावराचा जीव घेणं, कर्ज काढून सण करणं, दारू, शिवाशिव, पोराला शाळेत न घालणं, हे सगळं ते एकाच दमात घ्यायचे. त्यांच्या कीर्तनानंतर कित्येक गावांनी बोकड मारणं सोडलं असं चरित्रकारांनी लिहिलं आहे. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर या दोघांनीही त्यांची चरित्रं लिहिली आहेत, आणि दांडेकर तर आपल्या परतवाड्याचे, बाबांबरोबर हिंडलेले.

मी कॉमर्सवाली, मला प्रत्येक गोष्टीत जमाखर्च दिसतो. बाबांच्या बोलण्यात बोकड आणि कर्ज कायम जोडीने का येतात, हे मला पूर्वी कळायचं नाही. मग हिशेब मांडून पाहिला. एक बोकड, त्याच्याबरोबरची दारू, पन्नास-शंभर माणसांचं धान्य. हे सवाई-दिढीने आणलेलं. सवाई म्हणजे मण घेतला तर सव्वा मण परत, दिढी म्हणजे दीड मण. एक पीक बुडालं की व्याजच मुद्दलापेक्षा मोठं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांतून वऱ्हाड गेलं होतं. दुसऱ्याला आपल्यातल्या मारवाडी घरांत अजून 'छप्पनिया' म्हणतात, संवत १९५६ चा म्हणून. धान्याबरोबर चाराही गेला, गुरं दावणीला मेली. अशा काळात एका नवसाच्या कंदुरीपायी शेत जाऊ शकत होतं. बोकडाचा जीव जायचा आणि पाठोपाठ त्या घराचाही.

आता थोडं कडू लिहिते. वऱ्हाडात सावकारी करणाऱ्यांत सगळ्या जातींचे लोक होते आणि आपले जैनही होते. कंदुरीच्या पंगतीला आपण कधी गेलो नाही, मटणाचा वास आला तर वाट बदलली. पण त्या बोकडाचे पैसे कोणाकोणाच्या वहीत 'उचल' म्हणून लिहिलेले असतील? पाणी गाळून जिवाणी विहिरीत परत सोडणारं घर आणि दिढीने धान्य देणारं घर एकच असू शकत होतं. यशोधराच्या कथेच्या कसोटीला लावलं तर ही भावहिंसाही नाही आणि द्रव्यहिंसाही नाही, असं म्हणून सुटता येतं. मला तसं सुटावंसं वाटत नाही. आपल्या आचार्यांनी परिग्रहालाही पापच म्हटलं आहे, पण स्वयंपाकघरात आपण जेवढे काटेकोर असतो तेवढे वहीत नसतो.

बाबांनी बोकड आणि बोकडाचा दोर धरणारा माणूस यांत निवड केली नाही. त्यांच्या नावाने जो दहा कलमांचा संदेश सांगतात त्यात भुकेल्याला अन्न आहे, रोग्याला औषध आहे, गरिबाच्या मुलांना शिक्षण आहे आणि पशुपक्ष्यांना, मुक्या जिवांना अभय आहे. मैत्रिणींनो, थांबा आणि मोजा. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान. आपली चारही दानं त्या निरक्षर माणसाच्या यादीत आली आहेत. शिवाय वस्त्र, निवारा, रोजगार, गरिबांची लग्नं, खचलेल्याला धीर, हे आणखी. त्यांनी हे आपल्या ग्रंथांतून घेतलं असं मी म्हणत नाही. पूर्णेच्या काठी राहून, गुरं राखून, भुकेलेली माणसं पाहूनही माणूस तिथेच पोचतो, एवढंच मला दिसतं.

त्या सुनेच्या प्रश्नाकडे वळते. आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी बोकडाच्या जागी देवीपुढे कोहळा किंवा नारळ फोडतात. आपल्या कथेप्रमाणे पाहिलं तर हा पिठाचा कोंबडाच झाला, कारण मनात बळीच आहे. पण मी जरा बोकडाच्या बाजूने पाहते. त्याला माणसाच्या मनातला भाव दिसत नाही, त्याला सुरी दिसते. कोहळा फुटला त्या दिवशी तो गोठ्यात पाला खात उभा आहे. माझ्या मते यशोधराची कसोटी आपण स्वतःला लावावी, आणि शेजारच्या गावाने कोहळ्यावर भागवलं तर मनापासून आनंद मानावा. सगळ्या पंडितांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

बाबांनी १९२५ च्या सुमारास मूर्तिजापूरला गोरक्षण सुरू केलं, धर्मशाळा आणि विद्यालयही उभं केलं. अकोल्यात तर एका मोठ्या रस्त्याचं नावच गोरक्षण रोड आहे. आपल्या समाजाचा पैसा अशा कामांत पिढ्यान्‌पिढ्या जात आला आहे. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल, वळूही त्यात आले. आपल्या अनेक घरांत त्या दिवशी पेढे वाटले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण त्याच वर्षी पोळा झाल्यावर आमचं शेत मक्त्याने करणारे गृहस्थ भेटले. त्यांचा एक बैल थकलेला, नांगराला चालत नाही. ते म्हणाले, "बाई, जीव तं माहाबी तुटते. लेकरावानी वाढवला. पन कुटार कोन देईन?" साडेतीनशे किलोच्या जनावराला रोज सात-आठ किलो कोरडा चारा लागतो, वर्षाला पंचवीस ते तीस क्विंटल. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी मुबलक होती आणि तिच्याबरोबर कडबा फुकट मिळायचा. ज्वारी हटली, सोयाबीन आलं. सोयाबीनचं कुटार जनावर आवडीने खात नाही. कडबा आता विकत घ्यायची वस्तू झाली. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून खांदमळणी करणारा हा माणूस निर्दय नाही, त्याचा हिशेब तुटला आहे. त्या वर्षापासून आम्ही त्याच्या मक्त्यातून चाऱ्याचे पैसे वजा करतो. बैल अजून तीन वर्षं जगला, त्याच्याच गोठ्यात.

चाऱ्यावरून गवत आलं, आणि गवतावरून एक पक्षी सांगायचा आहे, कारण तोही आपल्याच जिल्ह्यांतला. तणमोर. माळढोकाच्या कुळातला, पण लहान, कोंबडीएवढा. पावसाळ्यात नर उंच गवतातून वर उड्या मारतो, मादीने पाहावं म्हणून, दिवसाला शेकडो वेळा. अंडी जमिनीवरच घालतो. देशात आता फार थोडे उरले आहेत, कारण त्याला लागणारी माळरानं 'पडीक' म्हणून नांगरली गेली. अकोला-वाशीमच्या माळांवर तो येतो, आणि तो कुठे येतो हे सर्वांत चांगलं कोणाला माहीत होतं, तर फासेपारध्यांना. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पक्षी आणि हरणं धरणारा हा समाज. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला, लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही गेली आणि त्याबदल्यात पोटाला दुसरं काही मिळालं नाही.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी फासेपारध्यांची एक जुनी रीत नोंदवली आहे. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. आपण ज्यांना हिंसक म्हणून दारात उभं करत नाही त्यांच्याकडे गाभण जनावरासाठी नियम होता. आता 'संवेदना' नावाची संस्था याच भागात फासेपारधी कुटुंबांबरोबर काम करते आहे. तीच माणसं तणमोर शोधतात, त्याच्या नोंदी ठेवतात, माळ राखतात. पक्ष्याची हाक काढून त्याला फाशात आणणारी विद्या आता त्याला मोजायला उपयोगी पडते. इथेही गोष्ट दापुऱ्याच्या बारशासारखीच घडली, हात ज्यांचे होते त्यांनीच तो फिरवला. आणि आपण? तणमोर हा शब्द मी वयाच्या साठीनंतर ऐकला. एकाही जिवाला दुखवायचं नाही असं व्रत घेतलेल्या आपल्याला आपल्याच माळावरच्या जिवांची नावं माहीत नसतात.

बाबा २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गेले. त्यांची समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. आता विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. आपल्या महिला मंडळाच्या सहली मुक्तागिरी, भातकुली, शिरपूर, कारंजा अशा ठरलेल्या असतात. यंदा कारंजाच्या सहलीत मी मूर्तिजापूर आणि दापुरा जोडायचं सुचवलं आहे. पूर्वी मूर्तिजापूरहून कारंजाला शकुंतला गाडी जायची. आता बसनेच जावं लागेल. दर माणशी खर्च काढून पुढच्या आठवड्यात कळवते.

शिवाय एक काम तुम्हाला सांगते. तुमच्या माहेरच्या गावात नवसाला पूर्वी काय द्यायचे आणि आता काय देतात, बोकड बंद झाला असेल तर कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे आजी, मोलकरीण, शेतावरची माणसं यांना विचारून लिहून पाठवा. नाव-गाव न घालता मी ते इथे एकत्र करीन. दोघींनी आत्तापर्यंत पाठवलं आहे, एकीच्या गावात कोहळा, दुसरीच्या गावात गुळाची भेली.

जय जिनेंद्र.